वीस मिनिटांचा शेजारी

गेली काही वर्षे मी एका आकड्याच्या मागावर आहे. आकडा अगदी साधा : वीस मिनिटे. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत तो दिसतो. पुढे २००१ च्या सुमारास स्वीडनमध्ये, काडेपेटीएवढ्या यंत्रांसाठी लिहिलेल्या दोन प्रणालींत तो पुन्हा दिसतो, जसाच्या तसा. त्या प्रणाली खुल्या आणि फुकट होत्या. जगभरच्या कारागिरांनी त्या उचलल्या आणि आपापल्या मीटरांत, कंट्रोलरांत, मोजमापाच्या डब्यांत बसवल्या. त्यांच्याबरोबर हा आकडाही गेला. तो एवढेच सांगतो, की एका यंत्राने शेजारच्या यंत्राचा पत्ता किती वेळ खरा धरायचा.

मौज अशी, की ज्याने या व्यवहाराचा मूळ नियम लिहिला त्याने हा आकडा दिलेलाच नाही. त्याने ती जागा जाणूनबुजून कोरी सोडली. ती पुढे कशी भरली गेली आणि भरलेल्या आकड्याची किंमत शेवटी कोण मोजतो, ते या लेखात मांडायचे आहे.

याची साधने ग्रंथालयात मिळत नाहीत. आरएफसी नावाची क्रमांक घातलेली टिपणे आहेत, इंटरनेटचे सगळे नियम त्यांतून ठरले. आणि दुसरे साधन म्हणजे प्रत्यक्ष सोर्स कोड. मोडी दप्तरे चाळणाऱ्या मंडळींना हे काम ओळखीचे वाटेल. इथेही मुख्य मजकुरापेक्षा समासातला शेरा कधी कधी जास्त बोलतो. मी आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून बाहेर पडलेला माणूस. हे कागद वाचायला दुरुस्तीच्या कामातच शिकलो.

आधी व्यवहार समजून घेऊ. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. एक त्याच्या इथरनेटच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेली, जन्मखुणेसारखी. दुसरी आपण दिलेली, आयपी पत्ता. चाळीची उपमा इथे चपखल बसते. आयपी पत्ता म्हणजे खोलीचा नंबर आणि इथरनेटचा पत्ता म्हणजे त्या खोलीत सध्या राहणारा माणूस. पत्र येते ते 'खोली नंबर १२' या नावाने, पण हातात द्यायचे ते माणसाच्या. तिथे कोण राहतो हे ठाऊक नसेल तर चौकात उभे राहून हाळी द्यायची : बारा नंबरात कोण राहतं? सगळी चाळ ऐकते, उत्तर फक्त बारा नंबरवाला देतो. विचारणारा ते आपल्या वहीत टिपून ठेवतो, म्हणजे पुढच्या पत्राला पुन्हा ओरडायला नको. या हाळीला आणि उत्तराला एआरपी म्हणतात. बोलताना लोक 'आर्प' म्हणतात. वहीला म्हणतात एआरपी कॅश किंवा शेजाऱ्यांची नोंदवही. या कॅशचा रोकडीशी संबंध नाही. हा शब्द फ्रेंचमधल्या 'लपवून ठेवणे' या क्रियापदावरून आला.

आता दोन ओळखी मुळात हव्यात कशाला? सुरुवातीला त्या नव्हत्याच, निदान वेगळ्या नव्हत्या. २२ मे १९७३ रोजी बॉब मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात इथरनेटचे टिपण लिहिले. त्या प्रायोगिक इथरनेटवर यंत्राचा पत्ता ८ बिटांचा होता, म्हणजे जास्तीत जास्त २५६. त्यावर चालणाऱ्या 'पप' या नियमावलीतही यंत्राचा क्रमांक ८ बिटांचाच. वरचा पत्ता आणि खालचा पत्ता एकच, मग कोणी कोणाला विचारायचे?

१९८० च्या सप्टेंबरमध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून दहा मेगाबिटचे इथरनेट जाहीर केले, आणि पत्ता एकदम ४८ बिटांचा झाला. २८१ लाख कोटींच्या आसपास पत्ते! एका इमारतीतल्या तारेवर एवढे पत्ते कशाला, असा प्रश्न तेव्हाही पडला असणार. त्याचे सविस्तर उत्तर १९८१ साली योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांच्या शोधनिबंधात मिळते. हे योगेन दलाल आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले. तिथून स्टॅनफर्डला गेले. व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर डिसेंबर १९७४ चा तो प्रसिद्ध मसुदा त्यांनी लिहिला, ज्यात टीसीपीची पहिली सविस्तर मांडणी आहे. इंटरनेटच्या इतिहासावर मराठीत जे काही लिहिले जाते त्यात त्यांचे नाव क्वचितच भेटते. याची मला खंत आहे.

दलाल आणि प्रिंटिस यांचे म्हणणे थोडक्यात असे. यंत्राची ओळख त्या यंत्राची असावी, ते ज्या तारेला जोडले आहे त्या तारेची नव्हे. यंत्र एका इमारतीतून उचलून दुसऱ्या इमारतीत नेले तरी क्रमांक बदलू नये, आणि जगात दोन यंत्रांना कधीही एक क्रमांक असू नये. त्यासाठी क्रमांकांचे गठ्ठे उत्पादकांना वाटून द्यायचे. हे वाटपाचे काम आधी झेरॉक्सकडे होते, पुढे आयईईई या संस्थेकडे गेले. झेरॉक्सच्या नव्या नेटवर्क प्रणालीत हाच ४८ बिटांचा क्रमांक वरच्या थरातही यंत्राचा क्रमांक म्हणून वापरला गेला. म्हणजे तिथे हाळीची गरज नव्हती, वहीचीही नव्हती.

पण जग जिंकले ते आयपीने, आणि सप्टेंबर १९८१ च्या नियमाप्रमाणे आयपीचा पत्ता ३२ बिटांचा. ४८ बिट ३२ मध्ये मावत नाहीत. वही इथे जन्माला आली.

नोव्हेंबर १९८२. एमआयटीतल्या डेव्हिड प्लमर यांचे टिपण, आरएफसी क्रमांक ८२६. हा कागद मी कितीदा वाचला असेन याची गणती नाही. लहानसाच आहे, आणि बोलल्यासारखा लिहिला आहे. एमआयटीत तेव्हा केऑसनेट नावाचे घरचेच जाळे होते, त्याचे पत्ते १६ बिटांचे. म्हणून प्लमर यांनी एआरपी फक्त आयपीसाठी बांधला नाही. पत्त्यांची लांबी किती, हे पत्रातच लिहायची सोय ठेवली. आयपी आणि इथरनेटसाठी ही चिठ्ठी अवघ्या २८ बाइटांची होते.

त्यातली एक युक्ती पाहा. विचारणारा आपले दोन्ही पत्ते चिठ्ठीतच लिहितो. ज्याला विचारले तो विचारणाऱ्याची नोंद तिथल्या तिथे करून ठेवतो, कारण आता बोलणे दोन्हीकडून होणार हे उघड आहे. ऐकणाऱ्या बाकीच्यांनी मात्र नवी नोंद करायची नाही. विचारणाऱ्याची नोंद त्यांच्या वहीत आधीच असेल तर तेवढी ताजी करायची. वही उगाच फुगू नये हा हेतू. दर दहा मिनिटांनी प्रत्येकाने आपला पत्ता जाहीर करत राहावे का, याचाही विचार त्यांनी केला आहे. शंभर यंत्रे असली तर दर सहा सेकंदाला एक चिठ्ठी, असा हिशेब मांडून त्यांनी ही कल्पना मोडीत काढली : परवडेल, पण उपयोग काय?

आणि ज्याचा पत्ता वहीत नाही त्याला पाठवायचे पत्र? ते टाकून द्यावे, असे प्लमर सुचवतात. वरचा थर ते पुन्हा पाठवेलच. हे वाक्य लक्षात ठेवावे, वीस वर्षांनी ते परत येणार आहे.

नोंद कधी विसरायची, हा मुद्दा शेवटी येतो. नोंदी जुन्या होऊ देण्याची काही सोय असलेली बरी, पण ती या नियमाच्या कक्षेबाहेर आहे, असे म्हणून प्लमर बाजूला होतात. पण काय घडू शकते ते त्यांनी ओळखले आहे. इथरनेटचा पत्ता कायमचा असल्याने तो बदलायला नको; पण एखाद्या यंत्राचे नाव आणि वरचा पत्ता दुसऱ्या यंत्राला दिला गेला तर? मग बाकीच्यांना जुनी नोंद टाकून द्यायला काही कारणच मिळणार नाही. उपाय म्हणून ते तीन-चार वाटा दाखवतात : जोडणी फसली तर नोंद पुसावी, त्या यंत्राकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही तर पुसावी, किंवा अधूनमधून थेट त्यालाच विचारून खात्री करावी. आकडा कुठेच नाही.

कोरी जागा भरली ती ऑगस्ट १९८३ मध्ये आलेल्या बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीने. पूर्ण झालेली नोंद वीस मिनिटांनी पुसायची, अर्धवट राहिलेली तीन मिनिटांनी. कोडमध्ये दोन ओळी आणि शेजारी शेरा : वीस मिनिटांत पुसा. का, ते नाही. विद्यापीठातली मोठी यंत्रे होती, ती वर्षानुवर्षे जागची हलत नसत. तिथे वीस मिनिटांनी कोणाचे काही अडत नव्हते. शिवाय प्लमर टाकून द्या म्हणाले होते ते पत्र बर्कलीने टाकले नाही. उत्तर येईपर्यंत शेवटचे एक पत्र हातात धरून ठेवायची सोय केली. चांगली सुधारणा होती.

पण एक बारकावा तिथे शिरला आणि तो फार महागात पडणारा आहे. बर्कलीच्या कोडमध्ये नोंद वापरली, की तिचे घड्याळ पुन्हा शून्यावर येई. म्हणजे ज्या शेजाऱ्याला तुम्ही सतत पत्रे पाठवत आहात त्याची नोंद कधीच जुनी होत नाही, तो खोली सोडून गेला असला तरी. ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेल्या आरएफसी ११२२ मध्ये याला चाप लावलेला दिसतो : जुन्या नोंदी काढून टाकायची व्यवस्था असलीच पाहिजे, आणि घड्याळाने काढत असाल तर वापरात असलेली नोंदही काढा. किती वेळाने, ते बदलता आले पाहिजे. एकाच पत्त्यासाठी सेकंदाला एकापेक्षा जास्त हाळ्या देऊ नका. किमान एक, सगळ्यांत ताजे पत्र धरून ठेवा. शब्दांत जरब आहे, तरीही आकड्याची सक्ती इथेही नाही.

त्यामुळे ज्याने त्याने आपापला आकडा ठेवला. सिस्कोच्या राउटरवर आजही मूळ मुदत चार तासांची आहे. इथरनेटच्या स्विचमध्ये कोण कुठल्या भोकाला जोडला आहे याची वेगळी वही असते, तिची प्रमाण मुदत पाच मिनिटे. एकाच तारेवर चार तास, वीस मिनिटे आणि पाच मिनिटे अशा तीन स्मृती शेजारी शेजारी नांदतात.

*

आता स्वीडन. ल्युलेओच्या विद्यापीठात 'अरीना' नावाचा एक प्रकल्प चालू होता : आइस हॉकीच्या खेळाडूंच्या अंगावर छोटी संवेदक यंत्रे लावायची आणि त्यांचे आकडे जाळ्यावरून पाठवायचे. या कामासाठी स्टॉकहोमजवळच्या स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर सायन्समधल्या अॅडम डंकल्स यांनी एक नेटवर्क स्टॅक लिहिला. स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेल्या कामांची उतरंड. खाली इथरनेट, त्यावर आयपी, त्यावर टीसीपी. या पहिल्या उतरंडीचे नाव एलडब्ल्यूआयपी, म्हणजे हलका आयपी. तिला काही दहा किलोबाइट स्मृती लागे. मग त्यांनी त्याहून लहान, यूआयपी लिहिली. ८ बिटांच्या चिपसाठी. त्या काळी आमच्याकडेही मिळणाऱ्या एटीमेगा १२८ या चिपमध्ये सगळी मिळून ४ किलोबाइट स्मृती होती. तोपर्यंत अशा चिपवर पूर्ण टीसीपी चालू शकत नाही असेच जाणते लोक सांगत. डंकल्स यांनी ते खोटे ठरवले आणि २००३ च्या शोधनिबंधात मांडून दाखवले.

यूआयपीचा कोड उघडून बसलो तेव्हा मला १९८२ सालचे प्लमर भेटले. यूआयपीत पत्र ठेवायला एकच पेटी आहे. जाणारे पत्र त्याच पेटीत, येणारेही त्याच पेटीत. वहीत पत्ता सापडला नाही तर हाळीची चिठ्ठी कुठे लिहायची? त्याच पेटीत, पत्रावरच. पत्र नष्ट होते. शेऱ्यात स्पष्ट लिहिले आहे, की वरचा थर ते पुन्हा पाठवील असे गृहीत धरले आहे. बर्कलीने केलेली आणि १९८९ च्या नियमाने पक्की केलेली सुधारणा स्मृतीच्या टंचाईने पुसून टाकली आणि आपण पुन्हा मूळ टिपणावर आलो. मला यात डंकल्स यांचा दोष दिसत नाही. दुसरी पेटी म्हणजे आणखी दीड हजार बाइट. चार हजारांतून ते कुठून आणायचे?

वहीत मूळ आठ ओळी. एका ओळीला अकरा बाइट : चार आयपी पत्त्याचे, सहा इथरनेटचे, एक वयाचा. मुदतीचा आकडा १२०, आणि एकक दहा सेकंदांचे. गुणाकार केला, की वीस मिनिटे. एलडब्ल्यूआयपीच्या जुन्या आवृत्त्यांत २४० गुणिले पाच सेकंद, पुन्हा वीस मिनिटे. फ्रीआरटीओएसच्या टीसीपी उतरंडीत १५० गुणिले दहा सेकंद, म्हणजे पंचवीस. विद्यापीठातल्या न हलणाऱ्या यंत्रांची सवय अशी काडेपेटीएवढ्या यंत्रांत उतरली.

तिथे ती का बोचते, त्याचा मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातला एक साखर कारखाना, गळीत हंगाम भरात. रसाचा प्रवाह मोजणारा मीटर बदलायचा होता. नव्या मीटरला जुन्याचाच आयपी पत्ता दिला, जोडला, चालू केला. लॅपटॉपवरून तो ताबडतोब ओळख देऊ लागला, पण त्याला दर सेकंदाला आकडा विचारणारा कंट्रोलर मात्र 'उत्तर नाही' एवढेच दाखवत राहिला. दहा-बारा मिनिटे वाट पाहिली. रसाचा आकडा नसेल तर चुन्याचे प्रमाण कशावर ठरवायचे? शेवटी जुना मीटर परत बसवला. आकडा लगेच आला. निष्कर्ष सगळ्यांना उघड दिसला : नवा मीटर खराब. तो पुरवठादाराकडे परत गेला, आणि तिथून 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन आला. मग मीटर जोडणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाताला दोष लागला.

प्लमर यांनी १९८२ मध्ये वर्णन केलेली परिस्थिती ती हीच. खोली नंबर १२ मध्ये नवा भाडेकरू आला, पण पोस्टमनच्या वहीत जुने नाव. लॅपटॉप नवखा होता, त्याने हाळी दिली, त्याला नवे नाव कळले. कंट्रोलरने हाळी दिलीच नाही, कारण त्याच्या वहीत नोंद होती. आणि मीटर स्वतःहून कोणाशी बोलत नाही. विचारले तर सांगतो. तो आधी बोलला असता तर त्याच्या चिठ्ठीतूनच कंट्रोलरची वही दुरुस्त झाली असती. दोघेही आपापल्या जागी नियमाने वागत गप्प बसले. आणखी आठ-दहा मिनिटे कोणी थांबले असते, तर आकडा आपोआप आला असता.

अशा वेळी 'बंद करून चालू करा' हा तोडगा लागू पडतो आणि लोक त्याला हसतात. त्यामागे काही जादू नाही. वीज गेली, की वही कोरी होते.

त्या कंट्रोलरचा बोर्ड एका लहान उद्योगाने यूआयपीवर बांधला होता आणि त्याचा कोड मला पाहायला मिळाला. १२० च्या जागी ६ लिहिले, म्हणजे एक मिनिट. एवढेच काम. एका मिनिटाला प्रत्येक शेजाऱ्यामागे एक जादा चिठ्ठी, आणि यूआयपीच्या रीतीप्रमाणे एक पत्र हरवून पुन्हा पाठवणे. हा खर्च तिथे सहज सोसण्यासारखा होता. दर शंभर मिलिसेकंदांनी हालचाल करणाऱ्या यंत्रमागावर किंवा रोबोवर मी तसे करणार नाही. तिथे नोंदी कायमच्या लिहून टाकाव्यात, आणि मीटर बदलताना वही हाताने बदलायची शिस्त ठेवावी.

या वहीत आणखीही खाचा आहेत. यूआयपीत वय मोजणारे घड्याळ उतरंड स्वतः चालवत नाही; बोर्ड बांधणाऱ्याने दर दहा सेकंदांनी ते काम बोलावायचे असते. कोणी ते सेकंदाला बोलावले, तर वीस मिनिटांची दोन मिनिटे होतात. कोणी बोलवायलाच विसरला, तर नोंद कधीच पुसली जात नाही. वय एका बाइटात असल्याने मुदत फार तर २५५ पर्यंत, म्हणजे साडेबेचाळीस मिनिटांपर्यंत नेता येते. मोठा आकडा लिहिला तर तो गाठलाच जात नाही आणि पुन्हा तीच गत.

ओळींची संख्या हा दुसरा सापळा. आठ ओळी आणि नऊ मीटर असले, आणि कंट्रोलर त्यांना क्रमाने विचारत असला, तर काय होते ते कागदावर मांडून पाहावे. नवव्यासाठी सगळ्यांत जुनी, म्हणजे पहिल्याची नोंद जाते. मग पहिल्याची पाळी येते तेव्हा दुसऱ्याची जाते. फेरीतला प्रत्येक शेजारी नेमका आपल्या पाळीला वहीत नसतो, आणि यूआयपीत प्रत्येक वेळी एक पत्र नष्ट होते. आठ मीटरांपर्यंत झकास चालणारी व्यवस्था नवव्याने आडवी होते, आणि दोष अर्थात नवव्या मीटरवर येतो. म्हणून ओळी मोजताना आपण ज्यांना विचारतो तेच नव्हे, तर जे आपल्याला विचारतात तेही धरावेत. लॅपटॉप, देखरेखीचा संगणक, सगळे एकेक ओळ खातात. बाहेरच्या जाळ्यातली यंत्रे मात्र कितीही असली तरी ती राउटरमार्फत बोलतात, त्यांना मिळून एकच ओळ पुरते. अकरा बाइटांच्या पाच-सहा ओळी जादा ठेवल्या तर साठ-सत्तर बाइट जातात. तेवढी चैन एटीमेगावरही परवडते.

एलडब्ल्यूआयपीत मूळ दहा ओळी आहेत, आणि नंतरच्या आवृत्त्यांत मुदत वीस मिनिटांवरून पाच मिनिटांवर आणली गेली. त्यातही एक समजूतदारपणा आहे : नोंद वापरात असेल तर मुदत संपायच्या तीस सेकंद आधी थेट त्याच शेजाऱ्याला विचारले जाते, आणि उत्तर नाही आले तर पंधरा सेकंद आधी सगळ्यांना. चालू बोलण्यात खंड पडत नाही. प्लमर यांनी दाखवलेली थेट विचारण्याची वाट ती हीच. उत्तराची वाट पाहताना एलडब्ल्यूआयपी मूळ मांडणीत एकच, शेवटचे पत्र धरते. मोठा मजकूर तुकडे करून पाठवला तर पहिल्या खेपेला फक्त शेवटचा तुकडा उरतो आणि बाकीचे जातात. पहिली खेप नेहमी फसते आणि दुसरी जमते असे दिसले, तर तारा तपासण्याआधी हे तपासावे.

*

आयपीच्या सहाव्या आवृत्तीच्या मंडळींनी मात्र कोरी जागा कोरी ठेवली नाही. ऑगस्ट १९९६ च्या आरएफसी १९७० मध्ये टॉमस नार्टन, एरिक नॉर्डमार्क आणि विल्यम सिम्पसन यांनी एआरपी बाजूला ठेवून शेजाऱ्याच्या ओळखीच्या पाच अवस्था लिहिल्या. विचारले आहे, उत्तर यायचे आहे. नुकतीच खात्री झाली आहे. ओळख आहे पण शिळी झाली आहे. थोडे थांबून पाहतो. पुन्हा विचारतो. खात्रीची मुदत मूळ तीस सेकंद, आणि सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून ती प्रत्येक यंत्र पंधरा ते पंचेचाळीसच्या दरम्यान स्वतःपुरती बदलते. खात्री शिळी झाली, की पाच सेकंद वाट, मग सेकंदाच्या अंतराने तीन वेळा विचारणा, आणि तरी उत्तर नाही तर नोंद रद्द. साखर कारखान्यातला नवा मीटर या नियमाने एका मिनिटाच्या आत सापडला असता. दोन्ही बाजूंनी पत्रे नीट पोचत आहेत असे टीसीपीने वरून कळवले, तर तेही खात्री म्हणून धरले जाते आणि जादा विचारणा वाचते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला भाग हा आहे.

जुन्या एआरपीच्या बाजूनेही २००८ च्या जुलैमध्ये स्टुअर्ट चेशायर यांच्या आरएफसी ५२२७ ने एक खिंडार बुजवले. नव्या यंत्राने पत्ता घेण्यापूर्वी तो आधी कोणाचा नाही ना हे विचारावे, आणि घेतल्यावर दोन सेकंदांच्या अंतराने दोनदा स्वतःहून जाहीर करावे. नव्या भाडेकरूने पहिल्या दिवशी चौकात येऊन आपले नाव सांगायचे. आमच्या मीटरमध्ये ही सोय असती तर कंट्रोलरचा आकडा बदलायचीही गरज नव्हती. याच सोयीचा गैरफायदा घेऊन खोटे नाव सांगणारेही असतात, आणि एआरपीत खरेखोटे तपासायची काही तजवीज नाही. कायमच्या नोंदींचा दुसरा उपयोग तिथे होतो.

पण पाच अवस्थांची ही व्यवस्था बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी यंत्रांना झेपेना. हाळी ऐकायला झोपलेल्याने जागे व्हावे लागते, आणि जागे राहण्यात बॅटरी जाते. नोव्हेंबर २०१२ च्या आरएफसी ६७७५ ने अशा जाळ्यांसाठी हाळीची पद्धत जवळजवळ बंद केली. तिथे यंत्रच राउटरकडे जाऊन आपले नाव नोंदवते आणि किती वेळासाठी ते स्वतः सांगते, मिनिटांच्या हिशेबात. विसरण्याची मुदत पहिल्यांदाच ज्याची नोंद आहे त्याच्या हातात आली. शिवाय जवळच्या बोलण्यासाठी यंत्राचा आयपी पत्ता त्याच्या जन्मखुणेवरूनच बनलेला असतो असे इथे धरले आहे, त्यामुळे तेवढ्यापुरती वहीच लागत नाही. १९८१ मध्ये दलाल आणि प्रिंटिस यांच्या ४८ बिटांवर झेरॉक्सने जे केले होते, त्याकडे जग तीस वर्षांनी एका कोपऱ्यातून परत आले.

राउटरने या नोंदणीला द्यायची उत्तरे त्याच टिपणात आकड्यांनी दिली आहेत. ० म्हणजे नोंद झाली. १ म्हणजे हा पत्ता दुसऱ्याचा आहे. २ म्हणजे वही भरली, जागा नाही. तीस वर्षे भरलेल्या वह्या गुपचूप कोणाची तरी ओळ खोडून नव्याला जागा देत आल्या, आणि ज्याची ओळ गेली त्याला ते कधी कळले नाही. २ मिळालेले यंत्र निदान दुसऱ्या राउटरकडे जाऊ शकते.